संध्याकाळची मोजणी : एक कोंबडी कमी भरते तेव्हा (अनुभव सांगा)

धागा काढणारी, संगमेश्वरकडून

गेल्या गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमाराला ओसरीवर तांदूळ निवडत होते. मागच्या परड्यात कोंबडा ओरडला. आरवला नाही, ओरडला. सूप तसंच टाकून धावले. फणसाच्या बुंध्यापाशी तीन तलंगा पडलेल्या, तिघींच्या मानेवर चावे, बाकी अंगाला ओरखडासुद्धा नाही. चौथी जिवंत, पण मान एका बाजूला कललेली. गडग्याच्या भोकात शेपटीचा झुपका जाताना दिसला. मुंगूस. दुपारी माणसं आडवी होतात हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक.

अकरा होत्या, आठ राहिल्या. घरात कोणीतरी म्हणालं, "गेल्या त्या गेल्या, रस्सा तरी करू." नाही केला. माडाच्या मुळाशी पुरल्या. आम्ही कोंबडी खातो, सणालाही कापतो, त्यामुळे या रडण्याला कोणाची सहानुभूती मिळत नाही. तरी दोन दिवस तो कोपरा झाडायचा टाळला.

तर, ज्यांच्या कोंबड्या मोकळ्या फिरतात त्यांनी लिहा. काय केलंत, काय फसलं, आणि गेल्यावर काय करता? "कायमच्या कोंडून ठेवा" एवढा एक सल्ला नको. पाचोळा उकरत फिरणारी कोंबडी बघायला मिळावी म्हणूनच तर त्या पाळल्या.

कुडाळहून

मुंगसाचं माहीत नाही, आमच्याकडे घार. गेल्या वर्षी कोंबडी रवणात बसवली. एकवीस दिवसांनी तेरा अंड्यांतली अकरा पिल्लं बाहेर आली आणि पंधरा दिवसांत चार उरली. पांढरट होती ती आधी गेली. माझी आजी पिल्लांना गुलाबी रंग लावायची. घार बुजते म्हणायची. मी लहानपणी हसायचो, या वर्षी मीच लावला. रंगामुळे की काय ते सांगता येणार नाही, कारण सोबत दुसरंही केलं: पहिला महिना आई-पिल्लं डालग्याखाली आणि वर मच्छीमारीचं जुनं जाळं ताणलेलं. नऊ जगली.

दुसरं म्हणजे आडोसा. आमचं खळं सारवून लख्ख असायचं, घारीसाठी ताट वाढल्यासारखं. आता कडेला अननसाची रांग आहे. कोंबड्याने वर बघून लांब "कुर्रर्र" केलं की सगळी त्यात घुसतात. जमिनीवरून काही आलं तर तोच कोंबडा वेगळं ओरडतो, तुटक आणि मोठ्याने. घरात बसून ऐकलं तरी कळतं, वर बघत धावायचं की खाली.

जुन्नर तालुका

आमच्याकडे काहीही मेलं की बिबट्या. उसाचा पट्टा आहे, माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र जवळ, त्यामुळे दुसरं नावच सुचत नाही. दोन महिन्यांत चौदा कोंबड्या गेल्या. रात्री बॅटऱ्या घेऊन फिरलो, फटाके वाजवले. मग वनखात्याचा एक माणूस सहज आला होता, त्याने खुराड्यामागच्या चिखलातला ठसा दाखवला. चारही बोटांपुढे नखांच्या खुणा. म्हणाला, "बिबट्या चालताना नखं आत घेतो, हे कुत्रं आहे." कुत्रं शेजारच्या चुलत्यांचं. आमच्याच ओट्यावर झोपायचं, माझ्या हातची भाकरी खायचं.

चुलत्यांशी वर्षभर बोलणं बंद होतं. कोंबड्यांपेक्षा ते जास्त लागलं. आता त्यांनी त्याला रात्री बांधायचं आणि मी खुराड्याला वेल्डमेश लावायची, असं ठरलंय. षटकोनी भोकांची कोंबडी-जाळी दुकानदार देईल, ती घेऊ नका. ती कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दातांनी ओढून फाडली होती आमची.

पेडणे, गोवा

थोडक्यात सांगते. खुडूक कोंबडी जागेवरून उठून ओरडत होती. पाटीत हात घालणार तेवढ्यात पाटी हलली. आत नाग. सर्पमित्र आला, नागाला बाहेर काढला, तसा त्याने अंगणात एकेक करून सात अंडी ओकली, अख्खी. सासूबाई म्हणाल्या, धुऊन परत ठेव. ठेवली. त्यातलं एकही फुटलं नाही, पण कोंबडी बिचारी चोवीस दिवस बसून राहिली. पाटी आता जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर टांगते आणि आत हात घालण्याआधी काठीने हलवते.

न्यू जर्सी

माझं माहेर चिपळूणचं, म्हणून संगमेश्वरचं वाचून गलबललं. इकडे चार कोंबड्या आहेत. आमच्या गावात कोंबडा पाळायला बंदी आहे, म्हणजे कुडाळवाले म्हणतात तो पहारेकरीच नाही.

इथला चोर रॅकून. त्याला हात आहेत, अक्षरशः. साधी कडी तो उघडतो. एका सकाळी दार सताड उघडं, कडी व्यवस्थित सरकवलेली, जणू कोणी किल्ली लावून आलं होतं. दोन गेल्या. मुलीने त्यांची नावं ठेवली होती. तिला "देवाघरी गेल्या" सांगितलं, तर तिने विचारलं, दार कोणी उघडलं? आता कडीत गिर्यारोहणाचा हुक अडकवते. जाळी अर्ध्या इंचाची, आणि खाली फूटभर रुंद पट्टा जमिनीवर बाहेरच्या बाजूला आडवा पसरून मातीने झाकलाय. उकरणारं जनावर भिंतीला लागून उकरायला जातं आणि जाळीवरच नखं घासतं. खोल चर खणण्यापेक्षा पाठीला बरं.

ससाण्याचा उपाय नाही. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने त्याला हात लावता येत नाही. मी घरी असेन तेव्हाच मोकळ्या सोडते.

नवापूर

जनावराने नेलं तर निदान शिव्या द्यायला कोणीतरी असतं. २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला तेव्हा आमच्या घरच्या सगळ्या नेल्या. पांढरे सूट घातलेली माणसं, तोंडावर मास्क. आमच्या धडधाकट होत्या. आईने पकडून दिल्या, कारण परक्याच्या हाताला त्या लागेनात. कशाला मारतात ते मला कळत होतं, तिलाही कळत होतं. पुढची कितीतरी वर्षं तिने कोंबडी पाळली नाही. बाकी या धाग्यावर माझं काही नाही, वाचतोय.

पशुवैद्यकीय कामातला, सातारा

आधी मारेकरी ओळखा, मग पैसे घाला. एका जागी पिसांचा गोल सडा असेल तर बहुधा शिकारी पक्षी. कोंबडी अख्खी गायब, वाटेत चार-दोन पिसं, तर रानमांजर, कोल्हा किंवा माळाकडचं खोकड. मेलेल्या जागेवरच टाकून दिलेल्या असतील तर मुंगूस नाहीतर कुत्रं. अंडी कवचासकट नाहीशी झाली तर साप. जखम काहीच नाही, मान पिळवटलेली, हिरवट हगवण आणि रोज एक मरतेय, तर बाहेर शोधू नका, ती मानमोडी आहे. त्याला जाळी नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यातच लासोटाचे थेंब द्या.

जखमी तलंग वेगळी ठेवलीत ना? रक्त दिसलं की बाकीच्या टोचून मारतात. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुवा आणि माशी बसू देऊ नका, एका दिवसात अळ्या होतात.

आणि वनराज, गिरिराज या सुधारित जाती घेणाऱ्यांसाठी: वजन चांगलं भरतं, पण अंगाने जड. गावठी कोंबडी कुत्रं दिसताच कौलावर असते, ही अंगणातच धावत राहते.

पुन्हा कुडाळहून

मला कोणीतरी खासगीत सुचवलंय की अंड्यात औषध भरून ठेव, मुंगूस संपेल. हे इथेच उघड लिहितो. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, हा एक भाग. दुसरा असा की ते अंडं मुंगूसच खाईल याची हमी कोण देणार? आमच्या वाडीत असंच कोणीतरी ठेवलेलं, मेली ती शेजारची गाभण मांजर.

धागा काढणारी

सगळ्यांचं वाचलं. नवापूरकर, तुमच्या आईंचं दोनदा वाचलं.

डॉक्टर, वेगळी ठेवलीय. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी डालग्याखाली. पहिले दोन दिवस पेज चमच्याने भरवली, मानेला हाताचा टेकू देऊन. काल स्वतः दाणा टिपला. तीनदा चोच चुकून बाजूच्या फरशीवर आपटली, चौथ्यांदा नेम लागला. मान अजून कललेलीच आहे, त्यामुळे आपण बोलतो ते ती फार लक्ष देऊन ऐकतेय असं वाटतं.

गडग्याची भोकं चिरे आणि मातीने बुजवायला घेतलीत. दुपारी दोन ते चार कोंबड्या खुराड्यात आणि मी ओसरीवर, ही तडजोड झाली. चारला दार उघडलं की अशा काही बाहेर पडतात, जणू शाळा सुटली.

आज सातपैकी सहाच आल्या. अंधार पडायला लागला, छातीत धस्स झालं. बॅटरी मारली तर सातवी फणसावर, दुसऱ्या बेचक्यात, मान पंखात घालून बसलेली. ह्यांना म्हटलं, शिडी आणा. हे म्हणतात, शिडी गुरुवारपासून माडाशी पडलीय. आणायला मीच निघालेय.