पांबन–धनुष्कोडी लाइन: रामेश्वर फाट्यावर का होतं? आणि आता कोणती गाडी धरावी?

सांधेवाला
१९६४ पूर्वीच्या नकाशात पांबन जंक्शन दिसतं. तिथून मुख्य लाइन धनुष्कोडीला जाते आणि रामेश्वरला नुसता फाटा. यात्रेकरूंचा ओघ तर रामेश्वरला, मग असं का? पांबनच्या समुद्रावरच्या जुन्या पुलाचा मधला गाळा (खांबांमधला भाग) बोटींसाठी माणसं हाताने उघडायची, ते कसं जमायचं? आईवडिलांना घेऊन जायचं आहे आणि पूल उजेडात बघायचा आहे. कोणती गाडी बरी?

मीटरगेज
ती लाइन मुळात सिलोनसाठी (आताची श्रीलंका) टाकली होती. आधी मद्रासहून तुतिकोरिन आणि तिथून कोलंबोची बोट, असा लांबचा समुद्रप्रवास होता. रामसेतूवरून रूळ नेण्याचाही विचार झाला, पण खर्चापायी मागे पडला. मग १९१४ मध्ये साउथ इंडियन रेल्वेने पांबनचा पूल सुरू केला. धनुष्कोडीच्या धक्क्याला गाडी लागायची, तिथून सिलोनच्या किनाऱ्यावरच्या तलैमन्नारपर्यंत सुमारे ३५ किमी बोट आणि पुढे कोलंबोची गाडी. इतकं जवळचं टोक धनुष्कोडीच, म्हणून मुख्य लाइन तिकडे. आपल्याकडे मीटरगेज (रुळांमध्ये एक मीटर अंतर) आणि सिलोनमध्ये त्याहून रुंद ब्रॉडगेज, त्यामुळे समुद्रावर पूल झाला असता तरी डबे पलीकडे गेले नसते.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळात ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या अलीकडे लाटेखाली गेली. आतल्या शंभराहून अधिक माणसांपैकी कोणी वाचलं नाही. धनुष्कोडीची लाइन पुन्हा टाकलीच नाही. त्यानंतर बोट रामेश्वरहून सुटू लागली, ती श्रीलंकेतल्या यादवीपर्यंत चालली.

गार्डचा डबा
मधला गाळा शेर्झर पद्धतीचा. दोन पाती, प्रत्येकीच्या बुडाशी गोल कमान आणि मागे काउंटरवेट, म्हणजे तोलाचं वजन. पातं बिजागरीवर फिरत नाही, कमानीवर मागे लोळत जातं. वजन तोललेलं असल्यामुळे दोन्ही बाजूंची माणसं दांडे फिरवून ते उचलायची. पण वेळ खूप जायचा आणि दोन्ही पाती बंद होताना रूळ नीट जुळावे लागायचे.

१९६४ ला १४५ पैकी १२६ गाळे वाहून गेले, हा उघडणारा मधला गाळा मात्र टिकला. रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांनी समुद्रात पडलेल्या तुळया काढून वापरल्या आणि ४६ दिवसांत पूल उभा केला. हे काम रेल्वेच्या इतिहासात फार वरचं आहे, असं माझं स्पष्ट मत. २००७ ला ब्रॉडगेज झालं. खारा वारा पोलाद खातोच, त्यात वाढलेला भार पडला. गाड्या अगदी सावकाश सोडायचे, आणि वारा ताशी ५८ किमीवर गेला की सिग्नल लाल. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये वाहतूक बंद केली.

नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. १८.३ मीटरचे ९९ गाळे आणि मधला ७२.५ मीटरचा, जो लिफ्टसारखा सरळ १७ मीटर वर जातो. वारा ताशी ५० किमीच्या वर असेल तर तो उचलत नाहीत.

मीटरगेज
आता गाडीचं. १६७५१ चेन्नई–रामेश्वर ही जुन्या बोट मेलचीच (सिलोनच्या बोटीला जोडून जाणारी गाडी) वारस. संध्याकाळी निघते, प्रवास रात्रीचा, त्यामुळे पूल अंधारात जाण्याची भीती. ज्येष्ठांसाठी मुक्काम मदुरैला करा आणि दिवसाच्या मदुरै–रामेश्वर पॅसेंजरने निघा. अंतर साधारण १६० किमी, साडेतीन-चार तास धरा. मानमदुरै, रामनाथपुरम, मंडपम असा मार्ग. मंडपम सुटलं की खिडकीशी बसा, पूल लगेच येतो. नोव्हेंबर-डिसेंबर टाळा, तो तिकडचा पाऊस-वादळाचा काळ.

गार्डचा डबा
मधला गाळा वर गेलेला पाहायचा असेल तर बोट कधी जाणार ते पांबनला विचारावं लागतं, रोजचं ठरलेलं वेळापत्रक नाही. शेजारचा रस्त्याचा पूल १९८८ चा, तो उंच आहे आणि तिथून सगळं नीट दिसतं. धनुष्कोडीला रामेश्वरहून रस्त्याने जा. स्टेशनच्या आणि चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. पुढे अरिचलमुनैपर्यंत, म्हणजे जमिनीच्या अगदी टोकापर्यंत, डांबरी रस्ता आहे. वाळूवर सावली नाही, तेव्हा आईवडिलांसाठी पाणी आणि टोप्या घ्या आणि दुपारच्या आत परता.