इनसायडर ट्रेडिंग: चोरी झाली तर नक्की कशाची?

उलटतपासणी: संचालकाने आपल्याच कंपनीचे शेअर नियम पाळून घेतले आणि तसं जाहीर केलं, तर तो गुन्हा नाही. गुन्हा आहे तो भाव हलवणारी, बाहेर न फुटलेली बातमी हाताशी ठेवून व्यवहार करण्याचा. पण मला त्यातही नुकसान कुणाचं, ते दिसत नाही. विकणारा तसाही विकणारच होता. उलट आतल्यांच्या खरेदीने भाव खऱ्या किमतीकडे लवकर सरकतो.

रोजमेळ: "तसाही विकणारच होता"? टेक्सास गल्फ सल्फर या अमेरिकी खाण कंपनीचं प्रकरण बघा. नोव्हेंबर 1963 मध्ये कॅनडातल्या टिमिन्सजवळ कंपनीला खनिजाचा जबरदस्त साठा लागला. बातमी दाबून ठेवली आणि अधिकारी गुपचूप शेअर घेत राहिले. 12 एप्रिल 1964 ला कंपनीचं पत्रक: अफवांवर जाऊ नका. 16 ला साठा जाहीर! मधल्या दिवसांत पत्रक वाचून ज्याने शेअर विकले, त्याला काय सांगणार?

उलटतपासणी: ती पत्रकातली लबाडी, खरेदीतली नाही. आणि बातमी दाबली होती ती शेजारच्या जमिनी स्वस्तात पदरात पाडायला. कोर्टाला त्यात वावगं वाटलं नाही. जमीनवाला अंधारात राहिलेला चालतो, शेअरवाला नाही?

रोजमेळ: जमीन कंपनीसाठी घेतली, शेअर स्वतःसाठी. गुपित कंपनीचं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं ते इथे.

तिसरी घंटा: कुंपण म्हणजे फक्त अधिकारी का? न्यूयॉर्कच्या छापखान्यातल्या कियारेला नावाच्या कामगाराने टेकओव्हरच्या, म्हणजे एका कंपनीने दुसरी ताब्यात घेण्याच्या, मसुद्यांतली कंपन्यांची कोरी ठेवलेली नावं बाकीच्या मजकुरावरून ओळखली. (डोकं मानलं पाहिजे.) त्यांचे शेअर आधीच घेऊन 14 महिन्यांत 30 हजार डॉलरच्या वर कमावले. 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली: शेअर विकणाऱ्यांचं तो काही देणं लागत नव्हता.

उलटतपासणी: झालं की मग!

तिसरी घंटा: कुठलं? 1997 च्या ओहेगन खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं, ज्याने विश्वासाने माहिती हाती दिली त्याला फसवून ती वापरलीत, तर तीही फसवणूकच.

उलटतपासणी: छापखान्याचं सोडून दिलं. पण शेजारच्या टेबलावरचं बोलणं सहज कानावर पडलं तर?

रोजमेळ: अमेरिकेत बहुधा सुटाल. युरोपीय संघात बातमी आतली आहे हे कळत असूनही शेअर घेतलेत, तर अडकाल.

उलटतपासणी: म्हणजे कान तोच, गुन्हा देशागणिक वेगळा. मग माझा प्रश्न अजून तिथेच आहे.