टँडेमचा फोर्क बदलताना ऑफसेट आणि लांबी न पाहता चालेल का?

पसरणी_उतार

‘टँडेमला कोणताही भक्कम फोर्क चालतो, स्टिअररची जाडी, चाकाचे माप आणि ब्रेकची जागा जुळली की काम झाले, आणि ऑफसेट कमी असला तर हँडल उलट चपळ होईल’ असा सल्ला लोखंडी_चौकट यांनी परवा एका नवख्या जोडप्याला दिला. त्यावर कोणीही हरकत घेतली नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. नवख्यांसाठी: टँडेम म्हणजे दोघांनी एकामागे एक बसून चालवायची सायकल, फोर्क म्हणजे पुढचे चाक धरणारा दोन पायांचा चिमटा, स्टिअरर म्हणजे त्याची वरची नळी, आणि ऑफसेट म्हणजे हँडल ज्या तिरप्या रेषेभोवती वळते तिच्या पुढे चाकाचा आस किती आहे ते अंतर.

यातले शेवटचे विधान सरळसरळ चुकीचे आहे. ऑफसेट कमी झाला की ट्रेल (ती रेषा जमिनीला जिथे मिळते, तिथून मागे टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) वाढतो, आणि ट्रेल वाढला की हँडल चपळ नव्हे तर जड होते. हेड अँगल (त्या रेषेचा जमिनीशी होणारा कोन) ७३ अंश आणि टायरसह चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर धरली, तर ५५ मिलिमीटर ऑफसेटच्या फोर्कवर ट्रेल सुमारे ४६ मिलिमीटर येतो. त्याच चौकटीत एकेरी रोड सायकलचा ४५ मिलिमीटरचा फोर्क बसवला की तो ५७ च्या घरात जातो. एकट्याने चालवायच्या सायकलवर ५७ मिलिमीटर ही रोजची गोष्ट आहे, हे मान्य. पण टँडेमवर मागे आणखी एक माणूस बसलेला असतो आणि चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला की त्याच्या प्रत्येक हालचालीने गाडी किंचित कलते. ट्रेल जितका जास्त, तितके पुढचे चाक त्या कलाकडे अधिक ओढले जाते आणि कॅप्टनचे, म्हणजे पुढे बसून हँडल धरणाऱ्याचे, मनगट ते परत आणण्यात झिजते. शिवाय ऑफसेट दहा मिलिमीटरने घटला की पुढचा आस जवळजवळ तितकाच मागे येतो, आणि बुटाचे टोक चाकाला लागण्याची शक्यता वाढते.

आमच्या टँडेमचा मूळ स्टीलचा फोर्क खड्ड्यात वाकल्यावर दुकानदाराने एकेरी सायकलचा फोर्क ‘माप तेच आहे’ म्हणून बसवून दिला. पसरणी घाट आम्ही त्याआधीही चढत होतो. त्यानंतर तोच घाट चढताना सरळ रेषा धरणे हेच एक वेगळे काम होऊन बसले.

लोखंडी_चौकट

सल्ला माझा होता, त्यामुळे उत्तरही मीच देतो. ऑफसेट आणि चपळपणाचे वाक्य मी उलटे लिहिले होते, एवढे कबूल. परंतु बाकीचा सल्ला मी मागे घेणार नाही, कारण तो कागदावर नव्हे तर स्टँडवर शिकलेला आहे.

आपण ऑफसेटवर एवढे लिहिले, पण धाग्याच्या नावातच असलेल्या फोर्कच्या लांबीवर एक वाक्यही लिहिले नाही. फोर्क वीस मिलिमीटरने लांब झाला, तर एकेरी सायकलचा हेड अँगल सुमारे १.१ अंशाने मागे झुकतो. टँडेमच्या दोन आसांमधले अंतर पावणेदोन मीटरच्या आसपास असल्याने तिथे हाच फरक ०.६५ अंशापर्यंतच राहतो, म्हणजे ट्रेलमध्ये चार मिलिमीटरची वाढ. एवढा फरक २८ चे टायर काढून ३८ चे घातले तरी जवळपास पडतो, आणि टायर बदलताना कोणी गणित मांडत बसत नाही.

हँडल थरथरते म्हणून माझ्याकडे येणाऱ्या टँडेमच्या बाबतीत पहिला संशय भूमितीवर घेतला जातो, आणि दोष बहुधा हेडसेटची (स्टिअरर ज्यात फिरतो त्या बेअरिंगची) खालची वाटी नीट न बसण्यात किंवा स्पोक ढिले होण्यात निघतो. एका जोडप्याने महागडा फोर्क परदेशातून मागवला होता. मी फक्त क्राउन रेस (फोर्कचे दोन पाय जुळतात त्या क्राउनवरची बेअरिंगची कडी) पुन्हा बसवली, बेअरिंगचा ताण नीट केला आणि जुन्याच फोर्कवर त्यांना आंबेनळी घाट उतरायला पाठवले. तक्रार परत आली नाही. पसरणी_उतार यांनी हे तपासले होते का? मागचा माणूस स्थिर बसत नसेल, तर जगातला कोणताही फोर्क त्यावर इलाज नाही.

मागचे_आसन

मी दृष्टिबाधित आहे आणि स्टोकर म्हणूनच, म्हणजे मागे बसूनच, सायकल चालवते. आपण दोघांनीही माझ्याविषयी ‘कलणारे वजन’ याच भाषेत लिहिले आहे, आणि नेमक्या याच दृष्टीमुळे फोर्क बदलल्यावर गाडीची परीक्षा अपुरी होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टोकरचे हँडल कॅप्टनच्या सीटपोस्टला जोडलेले असते. पुढे कॅप्टन जी प्रत्येक लहान दुरुस्ती करतो, ती त्याच्या कंबरेतून माझ्या तळहातापर्यंत येते. फोर्क बदलल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत मला कळले होते की कॅप्टन सतत हँडलशी झगडतो आहे, आणि मी तसे सांगितलेही होते. उत्तर मिळाले, ‘तुम्ही हलू नका.’ पुढे घाटात कॅप्टनला, म्हणजे पसरणी_उतार यांना, तेच जाणवले तेव्हा मात्र तो फोर्कचा दोष ठरला.

लोखंडी_चौकट

ताई, आपला अनुभव मी नाकारत नाही, पण यांत्रिक सत्य बदलत नाही. टँडेमवर रस्त्याखालोखाल सर्वांत मोठा धक्का मागच्या माणसाकडूनच येतो. न सांगता बाटली काढायला वाकणे, उतारावर अचानक खांदा फिरवणे, हे मी पुढच्या आसनावरून स्वतः सोसले आहे, आणि म्हणून नव्या स्टोकरला मी प्रथम शांत बसायलाच शिकवतो.

मागचे_आसन

शांत बसायला शिकवणे आणि दोषी ठरवणे यांत फरक आहे, आणि तो आपण जाणूनबुजून पुसत आहात. कॅप्टनने खड्डा, गिअर, ब्रेक आणि वळण आधी सांगितले, तर स्टोकर अचानक हलत नाही. ज्याला समोरचा रस्ता दिसत नाही त्याचे शरीर न सांगितलेल्या धक्क्याला उत्तर देणारच. न हलणारा स्टोकर पॅडलही मारू शकत नाही. मी पॅडल मारते, चढावर माझा जोर कधी कॅप्टनपेक्षा अधिक असतो, आणि तो जोर देताना कंबर थोडी डोलणारच, हे गृहीत धरूनच गाडीची भूमिती ठरवायला हवी. जो फोर्क दोन जिवंत माणसांचे नैसर्गिक डोलणे सहन करत नाही, तो टँडेमचा फोर्क नव्हे, मग त्याची वाटी कितीही नीट बसलेली असो.

पसरणी_उतार

ताईंचा शेवटचा मुद्दा माझ्या पहिल्या लेखनापेक्षा नेमका आहे. आणि हेडसेट मी तपासला होता. असा प्रश्न विचारून समोरच्याला अडाणी ठरवण्याची पद्धत मला मान्य नाही.

डेल्फ्टकर

दोन्ही बाजू ट्रेलला एकमेव नियंता मानत आहेत, म्हणून मध्ये बोलतो. २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कॉर्नेल आणि डेल्फ्ट येथील संशोधकांनी अशी छोटी विनाचालक सायकल दाखवली, जिच्यात चाकांचा गायरो परिणाम (फिरत्या चाकाची आपली दिशा टिकवण्याची ओढ) रद्द केला होता आणि ट्रेल किंचित उणे होता, तरीही ती धावताना स्वतःचा तोल सावरत होती. पुढच्या, हँडलबरोबर वळणाऱ्या भागाचे वजन कुठे आहे यालाही मोठे महत्त्व आहे. त्यामुळे नवा फोर्क घातल्यावर पुढची बॅग काढून किंवा लावून पाहावी. फरक जाणवू शकतो.

पसरणी_उतार

त्या प्रयोगातल्या सायकलवर एकही माणूस नव्हता, इथे दोन आहेत. बॅगेचा मुद्दा मात्र उपयोगी आहे.

लांबीविषयी लोखंडी_चौकट यांचे गणित बरोबर आहे, हे नाइलाजाने का होईना पण स्वीकारतो. मात्र ते वीस मिलिमीटरपुरतेच. साध्या फोर्कच्या जागी १०० मिलिमीटरचा सस्पेन्शन फोर्क घातला, तर लांबी सत्तर मिलिमीटरनेही वाढू शकते. तेव्हा टँडेमचाही हेड अँगल दोन अंशांहून अधिक मागे जातो, आणि दोन्ही सीट तेवढ्याच मागे झुकतात.

शिवाय ‘भक्कम’ म्हणजे काय, हे कोणी सांगितले नाही. एकेरी सायकलवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की मागचे चाक उचलले जाते आणि तिथेच ब्रेकची मर्यादा येते. टँडेम इतकी लांब असते की ती उलटत नाही, त्यामुळे पुढचा टायर घसरेपर्यंत सगळा जोर फोर्कच्या पायांवर येतो, तोही दोन माणसांच्या वजनाने. २०३ मिलिमीटरच्या डिस्कसाठी आणि टँडेमच्या वापरासाठी निर्मात्याची लेखी परवानगी नसलेला कार्बन फोर्क नवख्या जोडप्याला सुचवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

लोखंडी_चौकट

कार्बन फोर्क मी सुचवलेला नव्हता; माझ्या तोंडी शब्द घालू नयेत. परवानगीचा मुद्दा मात्र मी मूळ सल्ल्यात लिहायला हवा होता, हे खरे.

त्या जोडप्यासाठी दुरुस्ती अशी: जुन्या फोर्कचा ऑफसेट आणि आसापासून क्राउनपर्यंतची लांबी मोजून लिहून ठेवावी, आणि नवा फोर्क दोन्ही मापांत जमेल तितका जवळचा घ्यावा. ५५ चा मिळाला नाही आणि ५० चा मिळाला, तर ट्रेल ५२ च्या आसपास राहील आणि ते निभावेल. पाइप घालून चिमटा वाकवून देणाऱ्या कारागिराकडे जाऊ नये. स्टीलचा वाक जिगवर (माप पक्के धरणाऱ्या साच्यावर) जाणकाराने वाढवलेला चालतो, अॅल्युमिनियम आणि कार्बनचा कधीही नाही. पहिली फेरी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने आणि दोघांनी मिळून घ्यावी.

मागचे_आसन

आणि त्या फेरीनंतर पहिला प्रश्न स्टोकरला विचारावा.

लोखंडी_चौकट

विचारावा. हेडसेट तपासून झाल्यावर.