अनुभव धागा : ‘पूर्ण व्हा’चं ओझं कुणी, कसं खाली ठेवलं?

नगरची लेक (धागा माझाच)

आमच्या माहेरी दारावर बायबलमधलं मत्तय ५:४८ हे वचन फ्रेम करून लावलेलं होतं. ‘तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा’ आणि खाली दोन गुलाब. वहीत खाडाखोड झाली, कुणाला उलट बोलले, की नजर आपसूक तिकडे जायची.

पुढे माझं सगळं प्रकरण वाचनाच्या तक्त्यावर येऊन बसलं. बायबलचे अध्याय ११८९, वर्षात संपवायचे तर दिवसाला तीन-चार. १ जानेवारीला उत्पत्ती, पेन्सिलीने बारीक खूण. फेब्रुवारी उजाडला की लेवीयचा तेरावा अध्याय, कातडीवरच्या चट्ट्यांचा, आणि तिथे गाडी रुतायची. दोन दिवस चुकले की वर्षच बाटलं असं वाटायचं. मग थेट पुढच्या जानेवारीत पुन्हा उत्पत्ती. असं अकरा वर्षं. नोहाचं तारू मला तोंडपाठ आहे, जुन्या कराराच्या शेवटचा मलाखी मी एकदाही वाचलेला नाही. आणि मी संडे स्कूल शिकवते!

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तो तक्ता सुटला. त्यांना रोज एकच हवं असायचं, तेविसावं स्तोत्र. सहा वचनं. महिनाभर तेवढंच. एका रात्री मी झोपेने पेंगून मध्येच थांबले, तर त्यांनीच पुढचं म्हटलं, दोन वचनांची सरमिसळ करून. मी सुधारलं नाही. मला, चूक सुधारल्याशिवाय जिला चैन पडत नाही तिला, ते जमलं.

उपदेश नको, तुमचं घडलेलं लिहा.

पाळकीणबाई

पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, घर म्हणजे मंडळीची चावडी. कोण कधी येईल नेम नाही, म्हणून वीस वर्षं मी मोरीत एक वाटी राहू दिली नाही. येशू घरी आला तेव्हा मरीया ऐकत बसली, मार्था राबत राहिली; लोक त्या गोष्टीत मार्थेला नावं ठेवतात, मला तिची दयाच येते. तेरा माणसं आली तर भाकरी कुणी थापायची?

गेल्या पावसाळ्यात तापाने आडवी होते, तीन दिवसांची भांडी साचलेली. महिला मंडळातली एक जण डबा घेऊन आली, मोरीकडे बघून म्हणाली, “अगं बाई, तुमच्याकडेपण भांडी पडतात होय!” आणि हसत बसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा स्वतःच्या घरातलं बोलली. भांडीही तिनेच घासली. मला फार लाज वाटली, हेही लिहून ठेवते.

वसईकर

माझा प्रकार जरा वेगळा, आणि ज्यांना हे आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

दर शनिवारी कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. कबुली देऊन बाहेर पडलो की पायरीवरच आठवायचं, अरे, अमुक नीट सांगितलंच नाही. सांगितलं, पण मनापासून पश्चात्ताप होता का? मग रविवारी मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) आधी पुन्हा रांगेत. कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायला उठताना छातीत धडधड. मी कागदावर यादी करायचो, तारखेसकट. एकदा तो कागद बायकोच्या हाती लागला. दहावीत केलेल्या कॉपीपासून नोंदी होत्या. ती काही बोलली नाही, घडी घालून परत ठेवला.

शेवटी एका म्हाताऱ्या फादरांनी मला ओळखलं. म्हणाले, “पोरा, महिन्यातून एकदाच यायचं. जुनं काही सांगायचं नाही. शंका आली तर ते पाप माझ्या खात्यावर.” मला ते पटेना. तेव्हा त्यांनी संत इग्नेशियसचं सांगितलं. १५२२ साली स्पेनमधल्या मानरेझात तो नेमका याच चरकात सापडला होता. तीच तीच पापं पुन्हा कबूल करायचा. एकदा देव शांती देईपर्यंत जेवायचं नाही म्हणून आठवडाभर उपाशी राहिला, तर त्याच्या कबुली ऐकणाऱ्याने उपास मोडायची आज्ञा केली. पुढे त्याने जुनी पापं सांगायचंच सोडलं.

फादरांनी मला डॉक्टरांकडेही धाडलं. ओसीडी निघालं, तेच तेच विचार पाठ न सोडण्याचा आजार; गोळी चालू आहे. प्रार्थना कमी पडली म्हणून गोळी, असं मला कुणी सांगू नका.

पेटीवाले काका

सगळं ठीक, पण मग काहीही चालतं का? मी तीस वर्षं गायनमंडळ सांभाळलं. सूर चुकला तर चुकलाच, देवासमोर बेसूर का गायचं?

आता माझंच सांगतो. नाताळच्या तालमीत एका मुलीला सगळ्यांसमोर चौदा वेळा एकच ओळ म्हणायला लावली. मोजत होतो मी. पंधराव्या वेळी बरोबर आली. पुढच्या रविवारी ती आली नाही, नंतरही नाही. आता ती दुसऱ्या शहरात असते. मी सुटलोय असं म्हणणार नाही. तालमीला अजून वेळेवर दार लावतो. फक्त मोजत नाही.

सेमिनरीतला

काका, त्या ‘पूर्ण’मागचा ग्रीक शब्द ‘तेलेइओस’ आहे. ज्या हेतूसाठी आहे तिथे पोचलेलं, पिकलेलं. बिनचूक नव्हे. वरची वचनं बघा : शत्रूवर प्रीती करा, देव वाइटांवर आणि चांगल्यांवर सूर्य उगवतो, पाऊस पाडतो. सगळी गोष्ट कुणालाही न वगळता प्रेम करण्याची आहे. लूक ६:३६ मध्ये तसंच वाक्य येतं, तिथे शब्द ‘दयाळू’ आहे. नगरच्या ताई, फ्रेम बदलायची झाली तर ते लावा. (मी स्वतः याच वचनावरचा पेपर बिनचूक लिहायच्या नादात दोनदा उशिरा दिला, तो भाग निराळा.)

केडगावची

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आवारात वाढले, म्हणून त्यांचं एक. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात. त्यानंतर जवळपास आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. एवढी विदुषी, आणि छापून मोकळी! आम्ही चर्चमध्ये साक्ष द्यायला, आपला अनुभव सांगायला, उभे राहिलो की आधी सगळं कसं छान आहे तेच सांगतो.

रात्रपाळी

नर्स आहे, आखातात. माझी सुटका झालेली नाही. ड्युटीवरून आल्यावर गुडघे टेकते आणि तिथेच झोप लागते. ‘आमेन’ राहून जातं. मग दिवसभर ते अपुरं वाक्य डोक्यात. कुणाला असं होतं का?

पाळकीणबाई

@रात्रपाळी, आमच्याकडे मला झोप लागते आणि आमेन हे म्हणतात. तुझं मी म्हणत जाईन, तुझी वेळ कळव.

नगरची लेक

@वसईकर, एक विचारू? ‘महिन्यातून एकदाच’ सांगितल्यावर पहिल्या शनिवारी काय केलंस?

वसईकर

चर्चबाहेर स्कूटर लावली. अर्धा तास तिच्यावरच बसलो. दहा रुपयांचे खारे शेंगदाणे घेतले, सगळे संपवले आणि घरी गेलो. बायको म्हणाली, आज लवकर कसा?