आजोबांचं घड्याळ: आधी दुरुस्ती की आधी मूल्यांकन?

आजोबांचं ओमेगाचं चावीचं घड्याळ माझ्याकडे आलंय. कारागिराकडून मागचं झाकण उघडून पाहिलं: आत ३० टी २ मशीन, म्हणजे १९३९ किंवा त्यानंतरचं. चावी दिली की दहा मिनिटं चालतं, मग बंद. तेल वाळलंय म्हणे. डायल पिवळी पडलीय. काट्यांवर बहुधा रेडियम (अंधारात चमकणाऱ्या जुन्या रंगातला किरणोत्सर्गी पदार्थ) आहे, म्हणून काच काढू दिली नाही. बिल, डबी काहीच नाही. विकायचं नाही, पण विम्यासाठी लेखी मूल्यांकन हवंय. कारागीर डायल नव्याने रंगवून केसिंगला पॉलिश मारू म्हणतो, त्याला मी साफ नकार दिलाय. मूळ डायल गेली की संग्राहक तोंड फिरवतात, एवढं मलाही कळतं! नुसती मशीनची सफाई आणि तेल केलं तर किमतीला धक्का लागतो का, की आहे तसंच आधी मूल्यांकनाला न्यावं?