नवीन शेअरहोल्डर आणि जुना करार

कंपनीचे शेअर घेतले की शेअरहोल्डर्समधला जुना करार नव्या माणसाला आपोआप लागू होतो असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. आर्टिकल्स (कंपनीची अंतर्गत नियमावली) सगळ्या सभासदांना बांधतात, पण शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंट (शेअरहोल्डर्सचा आपसातला करार) फक्त सही करणाऱ्यांनाच, म्हणून नव्या माणसाकडून डीड ऑफ अ‍ॅडहिअरन्स (जुन्या कराराच्या अटी मान्य असल्याचा दस्त) घ्यायचं हे बरोबरच आहे. पण त्यात एक राहून जातं, हे डीड सही झाल्याशिवाय शेअर ट्रान्सफर किंवा अलॉटमेंट (नवे शेअर देणं) सभासदांच्या रजिस्टरला चढणार नाही ही अट मूळ करारासोबत आर्टिकल्समध्येही घालून ठेवा, नाहीतर ऐनवेळी नोंद अडवायला कंपनीकडे आधारच नसतो. जुन्या सगळ्यांच्या वतीने कंपनीने एकटीने डीड स्वीकारायची सोयही आधीच करारात हवी, प्रत्येकाच्या सह्या गोळा करणं फार जिकिरीचं होतं. ईसॉपवाले (कंपनीच्या योजनेतून शेअर मिळालेले कर्मचारी) आणि वारसदार यांच्याकडून डीड घ्यायचं हमखास राहून जातं.