कंपन्यांचा टॅक्स कमी केला, कायदे सैल केले, मग नोकऱ्या आल्या का?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतो. मी भोसरीत एका मशीनशॉपमध्ये सुपरवायझर आहे, १७ वर्षं झाली. गणपतीत साडूंशी चांगलाच वाद झाला. त्यांचं म्हणणं असं की सरकारने कंपन्यांचा टॅक्स कमी केला आणि कामगार कायदे सैल केले की मालकाच्या हातात पैसा राहतो, तो नवीन मशीन घेतो, नवीन पोरं घेतो, सरळ हिशोब आहे. मी म्हटलं मग माझा भाचा का घरी बसलाय? डिप्लोमा मेकॅनिकल फर्स्ट क्लास, चाकणला आधी नीम या सरकारी ट्रेनिंग योजनेखाली ट्रेनी, मग तीन कंपन्यांत ठेकेदाराच्या कार्डावर, सहा-सात महिने झाले की ब्रेक आणि परत गेटवर फाईल घेऊन उभा. साडू म्हणाले एका पोरावरून देशाचं ठरत नसतं. तेही खरंच आहे म्हणा.

म्हणून विचारतोय, २०१९ ला तो मोठा टॅक्स कट झाला त्याने नोकऱ्या वाढल्या का? आणि नियम कमी केले की मालक खरंच माणसं वाढवतो का? पक्षाचं राजकारण कृपया नको, मला समजून घ्यायचंय, बहिणीला आणि त्या पोराला काय सांगू तेच कळत नाही.

ताळेबंद

दादा, मी सीए आहे, क्लायंट बहुतेक एमआयडीसीतलेच. थोडं लांब होईल पण नीट सांगते.

२० सप्टेंबर २०१९ ला जीएसटी कौन्सिलची मीटिंग पणजीत होती, त्याच सकाळी सीतारामन मॅडमनी गोव्यातून जाहीर केलं. सवलती सोडायला तयार असलेल्या कंपन्यांना टॅक्स ३० चा २२ टक्के, सेस-सरचार्ज धरून जवळपास ३५ वरून २५.१७. नवीन उत्पादन कंपनी काढली तर १५ टक्के, म्हणजे सगळं धरून साधारण १७ (ही सवलत ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्यांनाच होती). वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडतोय हे सरकारनेच सांगितलं, आणि सेन्सेक्स त्या एका दिवसात १९२१ अंकांनी चढला.

आता हा पैसा कोणाच्या खिशात गेला ते बघा. तुमच्या भोसरीत शेड टू शेड फिरलात तर निम्म्याहून जास्त पाट्या प्रोप्रायटर नाहीतर भागीदारी फर्मच्या दिसतील. त्यांना या कटमधून एक रुपया मिळाला नाही, भागीदारी फर्म तेव्हाही सरसकट ३० टक्के भरत होती आणि नंतरही ३० च. छोट्या प्रायव्हेट लिमिटेडचं काय, तर ४०० कोटींपर्यंत टर्नओव्हर असलेल्यांचा रेट त्याच जुलैच्या बजेटमध्ये २५ झाला होता. एक कोटीच्या आत नफा असेल तर सेस धरून २६. म्हणजे सप्टेंबरच्या निर्णयाने त्यांचे २६ चे २५.१७ झाले, १०० रुपये नफ्यामागे ८३ पैसे. माझ्या एका क्लायंटला मी हे कागदावर करून दाखवलं तर ते म्हणाले मॅडम यात हेल्परचा चहा पण निघणार नाही. खरा फायदा मोठ्या कंपन्यांचा, ज्या पूर्ण ३५ भरत होत्या.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. टॅक्स नफ्यावर लागतो आणि पगार हा खर्च आहे, तो आधीच वजा होतो. १८ हजाराचा एक माणूस ठेवायचा की नाही हे मालक तो माणूस १८ हजारापेक्षा जास्तीचं काम काढून देईल का यावर ठरवणार, टॅक्स ३५ असो की २५, त्या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. उलट २२ टक्केवाला पर्याय घेतला की नवीन मशीनवरचा २० टक्के जादा घसारा (मशीनच्या झिजेपोटी नफ्यातून मिळणारी वजावट) सोडावा लागतो. तो घसारा मशीन आणल्याशिवाय मिळत नव्हता, हा कमी रेट मात्र मशीन आणा नाहीतर डिव्हिडंड वाटा, दोघांनाही सारखाच. मला यातच मोठी चूक वाटते.

निळा_पाना

मॅडम बरोबर बोलल्या. मी मालकाच्या बाजूने लिहितो, छोटा मालक आहे, पाच व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीन) आहेत माझ्या, ऑटोचं जॉब वर्क.

२०१९ चा ऑगस्ट मी जन्मात विसरणार नाही. प्रवासी गाड्यांची विक्री वर्षाआधीपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त पडली होती, वरच्या कंपन्या ब्लॉक क्लोजर घेत होत्या, आठवड्यात तीन दिवस गेट बंद, आणि त्यांचं गेट बंद म्हणजे आमचं आठवडाभर बंद. दोन मशीनवर मी ताडपत्री टाकून ठेवली होती आणि तिसऱ्यावर दिवसाला एक शिफ्ट कशीबशी निघायची. आणि त्यात सप्टेंबरला टीव्हीवर टॅक्स कमी, टॅक्स कमी. अहो नफाच नाही तर टॅक्स कशावर भरू? त्या महिन्यात मला कोणी फुकट पैसे दिले असते तरी मी सहावी मशीन घेतली नसती, आहेत त्यालाच काम नव्हतं. देशभरातले कारखाने पण तेव्हा क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आतच चालत होते, रिझर्व्ह बँकेचाच आकडा आहे. माझी माणसं वाढली २०२२ ला, चार पोरं घेतली, कारण शेड्यूल डबल झालं आणि कंपनीचा माणूस रोज सकाळी फोन करून माल मागत होता. बाकी काही कारण नाही.

आता नियमांचं. इथे मी साडूंना थोडं बरोबर म्हणेन. २० माणसं झाली की पीएफ लागतो, त्यामुळे कितीतरी जण मस्टरवर १९ वर थांबतात आणि विसावा माणूस लागला की बायकोच्या नावाने शेजारच्या गाळ्यात दुसरी फर्म काढतात. मी पण एकेकाळी हा विचार केला होता, केलं नाही ते सोडा. पीएफच्या पैशाचं मला दुःख नाही, तो कामगाराच्या म्हातारपणाचा आहे. पण दर महिन्याची रिटर्न्स, एक चूक झाली की नोटीस, मग कोणीतरी येऊन बसणार आणि निघायचं नाव नाही घेणार, या सगळ्याची धास्ती असते. ते सोपं केलं तर माणूस विसाव्यालाच काय पंचविसाव्याला पण घाबरणार नाही. पण सोपं करणं वेगळं आणि कामगाराचा हक्कच काढून घेणं वेगळं. माझ्या भावाचं स्टेशनरीचं दुकान आहे पिंपरीत, २०१७ च्या नवीन कायद्याने दहाच्या आत माणसं असली की शॉप अॅक्टला फक्त ऑनलाईन सूचना द्यायची, त्याच्या तीन खेपा आणि एजंटचे पैसे वाचले, फार चांगलं झालं. दुकानात आधी एक पोरगा होता. आजही एकच आहे, कारण गिऱ्हाईक तेवढंच आहे.

नियम काढल्याने काम वाढतं हे मी लहानपणी डोळ्याने पाहिलंय, आकुर्डीला. वडील सांगायचे स्कूटरला नंबर लावून लोक दहा-दहा वर्षं थांबायचे, कारण किती गाड्या बनवायच्या ते दिल्लीच्या लायसनवर ठरायचं. गिऱ्हाईक दारात उभं, पैसे भरून बसलेलं, आणि बनवायला परवानगी नाही! तिथे लायसन काढलं, आधी थोडं थोडं आणि मग २४ जुलै १९९१ च्या धोरणात जवळजवळ सगळंच, तर आमच्या या पट्ट्यात शेडवर शेड उभ्या राहिल्या. तेव्हा परवानगी अडत होती. २०१९ ला गिऱ्हाईक अडलं होतं, आणि त्याला औषध वेगळं लागतं.

कोथरूड_ते_कॅन्सस

मी १४ वर्षं अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात राहतेय, इथे हाच प्रयोग आमच्यावर झाला म्हणून लिहिते. २०१२ मध्ये गव्हर्नर ब्राउनबॅक यांनी राज्याचा इन्कम टॅक्स कापला, वरचा रेट ६.४५ चा ४.९, आणि छोट्या बिझनेसचं जे उत्पन्न मालकाच्या रिटर्नमध्ये येतं त्यावर राज्याचा टॅक्स सरळ शून्य. म्हणाले होते की राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या हृदयात अॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिल्यासारखं होईल. झालं काय, तर लोकांनी माणसं नाही वाढवली, पगाराचं उत्पन्न बिझनेसचं म्हणून दाखवायला लागले. वकील, डॉक्टर, कन्सल्टंट, कोणीही कागदावर कंपनी काढली. तिजोरी रिकामी झाली, २०१४ मध्ये राज्याचं क्रेडिट रेटिंग खाली आलं, २०१५ मध्ये काही भागातल्या शाळा पैसे संपले म्हणून ठरल्या तारखेच्या आधीच बंद केल्या. आणि भरपाई कुठून, तर सेल्स टॅक्स वाढवून ६.५ टक्के. तो दुधा-ब्रेडवर पण. माझ्या ओळखीची एक बाई घरं साफ करते, तिला त्या टॅक्स कटमधून काहीच मिळालं नव्हतं पण दर आठवड्याच्या किराण्यात ती त्याचे पैसे भरत होती. मला अजून राग येतो.

शेवटी २०१७ च्या जूनमध्ये विधिमंडळाने गव्हर्नरचा व्हेटो मोडून त्यातलं बरंचसं मागे घेतलं, आणि दोन्ही सभागृहांत बहुमत गव्हर्नरच्याच पक्षाचं होतं. शेजारच्या बहुतेक राज्यांपेक्षा कॅन्ससमध्ये नोकऱ्या जास्त वाढल्या असं त्या पाच वर्षांत दिसलं नाही.

सरळरेषा

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. पहिलं, सप्टेंबर २०१९ ला कट झाला आणि मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, सहा महिन्यांत कोणता कारखाना उभा राहतो? जमीन, पर्यावरणाची परवानगी, मशीन मागवणं, दोन-तीन वर्षं जातातच. दुसरं, वार्षिक उद्योग पाहणी बघा, संघटित कारखान्यांतली माणसं २०१८-१९ ला १ कोटी ६३ लाख होती, २०२३-२४ ला १ कोटी ९५ लाख. मध्ये कोविड येऊनही ३० लाखांहून जास्त वाढ, ही लहान गोष्ट नाही. तिसरं, परदेशी कंपनी व्हिएतनाम, थायलंड आणि आपल्याला शेजारी शेजारी ठेवून बघते, तिथे २० टक्के आणि इथे ३५ असं असेल तर फाईल पुढे सरकतच नाही. श्रीपेरुंबुदूरला मोबाईलच्या कारखान्यांत हजारो मुली कामाला आहेत, त्या आल्या नसत्या. टॅक्स कमी असणं पुरेसं नसेल, पण जास्त असता तर हेही झालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

ताळेबंद

सरळरेषा, कोविडचा मुद्दा मान्य, त्यामुळे २०२०-२१ चे आकडे दाखवून मी कधीच वाद घालत नाही. व्हिएतनामचंही मान्य, ३५ हा रेट जगाच्या मानाने जास्तच होता.

पण कोविडनंतरचं बघू. २०२४-२५ चं आर्थिक सर्वेक्षण, म्हणजे सरकारचंच पुस्तक, सांगतं की २०२३-२४ मध्ये कंपन्यांचा नफा १५ वर्षांत सगळ्यात वर गेला. बड्या कंपन्यांचा नफा त्या वर्षात २२.३ टक्के वाढला आणि नोकऱ्या १.५ टक्के. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. पैसा हातात राहिला की माणसं घेतात हे खरं असतं तर त्या वर्षी दिसायलाच हवं होतं ना. तुम्ही म्हणता ती ३० लाखांची वाढ खरी आहे, पण त्यात पक्के किती? संघटित कारखान्यांत आता दर १० कामगारांत ४ ठेकेदाराचे आहेत, २००० च्या आसपास २ होते. दादांचा भाचा या चारातला. आणि देशातल्या एकूण काम करणाऱ्यांत शेतीवरचे २०१८-१९ ला ४२.५ टक्के होते ते २०२३-२४ ला ४६.१ झाले. कारखाने खरंच माणसं ओढत असते तर पोरं शेताकडे परत गेली नसती.

मोबाईलचं म्हणाल तर तिथे टॅक्स रेटच्या जोडीला पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणारी सरकारी योजना होती, आधी माल काढून दाखवा मग पैसे घ्या. अट होती. मला तेच म्हणायचंय, अट घाला. १०० माणसांच्या वर असतील तर काढायला सरकारची परवानगी लागते हा नियम नव्या लेबर कोडमध्ये ३०० वर नेला, राजस्थानने तर २०१४ लाच केलं होतं. पण मालकांनी त्याची वाटच पाहिली नव्हती, ठेकेदार, नीम, २०१८ पासून ठरावीक मुदतीची नोकरी, हे सगळं हाताशी होतंच. काढणं आधीच सोपं होतं, आमच्या क्लायंटकडे मी दर महिन्याला बघते.

आणि कोणता टॅक्स कापता यावरही आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्या आणि ३५० सीसीपर्यंतच्या बाईकचा जीएसटी २८ चा १८ केला, तो थेट गिऱ्हाईकाच्या बिलात कमी झाला.

निळा_पाना

हो, त्या दसऱ्या-दिवाळीला शोरूमला उभं राहायला जागा नव्हती आणि आमचं शेड्यूल ऑक्टोबरातच वाढलं. रविवारी पण शिफ्ट चालवली. एक ऑपरेटर आणि एक हेल्पर वाढवला मी, दोघंही पगारपत्रकावर, ठेकेदाराचे नाहीत.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. १०० रुपयांमागे ८३ पैसे हे साडूंना पाठवलं, त्यांचा अजून रिप्लाय नाही. सरळरेषा यांचा व्हिएतनामचा मुद्दा मात्र त्यांनी आधीच मांडला होता, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ताळेबंद मॅडम, एक विचारू का. आमचे मालक म्हणतात माणूस पक्का घेतला तर मला त्याचा काय फायदा. पक्का माणूस घेण्यावर टॅक्समध्ये काही आहे का? असेल तर मी भाच्याचं नाव घेऊनच त्यांच्याकडे जातो.

ताळेबंद

आहे दादा, आणि फार थोडे जण घेतात. जुन्या आयकर कायद्यात कलम ८०जेजेएए, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलम १४६. टॅक्स ऑडिट होत असेल, नवीन माणसाचा पगार महिन्याला २५ हजारांच्या आत असेल, पीएफ चालू असेल आणि वर्षात २४० दिवस भरले, तर पगार खर्च म्हणून वजा होतोच, वर आणखी ३० टक्के वजावट तीन वर्षं मिळते. एकूण माणसं मात्र आदल्या वर्षापेक्षा वाढलेली हवीत, एकाला काढून दुसरा घेतला तर नाही चालत. २२ टक्केवाला पर्याय घेतलेल्यांनाही हे मिळतं. सीएचा रिपोर्ट लागतो, जुन्या कायद्यात तो फॉर्म १०डीएमध्ये जायचा. मालकांना म्हणावं त्यांच्या सीएला विचारा की हा फॉर्म आजवर कधी भरलाय का. आणि भाच्याला २४० दिवसांच्या आत ब्रेक देऊ नका म्हणावं, दिला तर त्यांचीच वजावट जाते.